सरोवरात शिकलेला समुद्र

भिलाईहून कुठल्याही दिशेला निघा, खारं पाणी लागायला शेकडो किलोमीटर तुडवावे लागतात. आमचं पाणी म्हणजे तांदुला आणि मरोदा. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धातली एक मराठी मुलखातली गोष्ट आम्हा भिलाईकरांना फार जवळची वाटावी: समुद्रातून शत्रूच्या किनाऱ्यावर चढाई कशी करायची, याचे धडे पुण्याजवळ खडकवासल्याला, चक्क गोड्या पाण्यात दिले जात!

धरणाच्या उत्तर काठावर एक नकली जहाज होतं. नाव ‘एचएमएस अँगोस्तुरा’. अँगोस्तुरा हे व्हेनेझुएलातल्या स्यूदाद बोलिव्हार शहराचं जुनं नाव, अर्थ ‘अरुंद जागा’. मुठेच्या खोऱ्यातल्या जहाजाला नाव मिळालं थेट दक्षिण अमेरिकेतलं. युद्धानंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी जागा शोधताना सरोवर, डोंगर आणि लोहगावचा विमानतळ यांच्याबरोबर हे जुनं प्रशिक्षण केंद्र आणि ते पडून राहिलेलं जहाजही खडकवासल्याच्या पारड्यात पडलं. ६ ऑक्टोबर १९४९ ला पंडित नेहरूंनी तिथं कोनशिला बसवली.

खाऱ्या पाण्यातला सराव मुंबईच्या मढ बेटावर चाले. शेजारी मार्व्याला आज नौदलाचं ‘आयएनएस हमला’ आहे. हे नाव महायुद्धातल्या लँडिंग क्राफ्टच्या प्रशिक्षणकेंद्राचं. किनाऱ्यावर चाल करून जाणाऱ्या बोटींना ‘हमला’ शोभलंच. आता तिथं रसदपुरवठ्याचे धडे मिळतात.

युद्धाची ही तयारी लोकांपुढे यायची ती सिनेमाच्या पडद्यावर; आता तिकडे वळू. १९४३ मध्ये सरकारने भारत संरक्षण नियमांखाली फर्मान काढलं: प्रत्येक खेळात सरकारमान्य फिल्म २,००० फूट दाखवायचीच! सेकंदाला २४ चौकटींच्या हिशेबाने ही झाली सुमारे २२ मिनिटं. नायिका पडद्यावर यायच्या आधी प्रेक्षकांना रणगाडे, कारखाने, कवायती पाहाव्या लागत. फिल्मचं भाडंही थिएटरवाल्यानेच भरायचं. ‘इंडियन न्यूज परेड’ हा बातमीपट त्याच काळातला. त्याआधीच्या फिल्म अ‍ॅडव्हायझरी बोर्डाची धुरा काही काळ आपल्या व्ही. शांताराम यांनीही वाहिली होती. स्वातंत्र्यानंतर फिल्म्स डिव्हिजन आली आणि सक्तीची प्रथाही परतली. भिलाईत पोलादाची पहिली पिढी सिनेमाला जाऊ लागली, तेव्हा तिच्याही वाट्याला आधी बातमीपटच आला.

युद्धाच्या फिल्मचे असे जुने तुकडे पाहताना सराव कुठला आणि खरी लढाई कुठली, हे ओळखायची माझी एक आवडती खूण आहे. कॅमेरा कुठे आहे ते पाहा. सैनिक पाण्यातून धावत थेट कॅमेऱ्याकडे येत असतील, तर कॅमेरामन त्यांच्याआधी किनाऱ्यावर पोचलेला असतो! शत्रूच्या पहिल्या गोळीसमोर तिपाई लावून कोण उभं राहील? खऱ्या चढाईत बहुधा पाठी दिसतात, चित्र हलतं, क्षितिज तिरकं होतं. खूण शंभर टक्के पक्की नाही, पण एकदा लक्षात आली की नजर आपोआप तिकडे जाते.

समुद्रातून चढाई करायची एवढी तयारी केलेली माणसं गेली कुठे? अंदमानावर उतरायचा ‘बकॅनिअर’ बेत डिसेंबर १९४३ मध्ये रद्द झाला, बोटी युरोपकडे वळवल्या गेल्या. पश्चिम किनाऱ्यावर समुद्रातून चढाईचा सराव केलेली ब्रिटिशांची दुसरी डिव्हिजन एप्रिल १९४४ मध्ये लढली ती कोहिम्याच्या डोंगरात! पाण्यातून उतरायला शिकलेल्यांना चिखलाच्या चढणी चढाव्या लागल्या, आणि तिथं त्यांनी दिलेली किंमत पाहिली की ऊर भरून येतो.

मलायावरची ‘झिपर’ मोहीम मात्र झाली, तीही जपानने २ सप्टेंबर १९४५ ला शरणागतीवर सही केल्यानंतर आठवड्याने. ९ सप्टेंबरला मोरिबच्या किनाऱ्यावर भारतीय डिव्हिजनचे जवान उतरले. गोळीबार झाला नाही. अडवलं ते मऊ वाळूने आणि चिखलाने. कितीतरी गाड्या तिथेच रुतल्या.

आणि भिलाई? २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजासाठी पोलाद कंपनी सेलने सुमारे ३०,००० टन खास पोलाद पुरवलं. बोकारो आणि राउरकेल्याबरोबर त्यात भिलाईचाही वाटा आहे. खडकवासल्याच्या त्याच पाण्यावर, पीकॉक बेमध्ये, प्रबोधिनीचे छात्र आजही शिडं आणि वल्ही हाताळायला शिकतात. त्यांच्यातल्या कुणाच्या पायाखाली उद्या ‘विक्रांत’चा डेक असेल आणि त्यात आमच्या भट्टीतलं पोलादही.