काचपेटीतल्या माशांचा उन्हाळा

गच्चीवर कुरडया-पापड वाळत पडले, नवा माठ भरला, मुलांच्या परीक्षा आटोपल्या, की घरात उन्हाळा आला म्हणायचा. मुलांना पन्हं, मोठ्यांना ताक, कुंड्यांना दोन वेळा पाणी. आपण सगळ्यांची काळजी घेतो. राहून जाते ती बैठकीतली माशांची काचपेटी. मासे पाण्यातच तर आहेत, त्यांना कसला आलाय उन्हाळा! मैत्रिणींनो, मलाही असंच वाटलं होतं, आणि त्याची किंमत दोन मुक्या जिवांनी मोजली.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. धाकट्याच्या वाढदिवसाला आणलेले तीन गोल्डफिश एका दुपारी पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. पोर रडवेलं झालं. मी घाईघाईनं कोपऱ्यावरच्या रसवंतीतून दोन किलो बर्फ आणवला आणि सगळा पेटीत सोडला. जेमतेम २० लिटरची पेटी ती! पाणी हाताला गारेगार लागू लागलं. मला वाटलं, सुटले बिचारे. पण थोड्याच वेळात मासे आडवे झाले आणि संध्याकाळपर्यंत दोन गेले. ‘‘आई, तू तर त्यांना गार केलंस ना, मग?’’ त्याच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर नंतर कळलं. माशाला आपल्यासारखं स्वतःचं अंग एका तापमानावर ठेवता येत नाही. जसं पाणी, तसं त्याचं अंग. पाणी हळूहळू तापलं तर तो काही प्रमाणात सोसतो. पण घटकाभरात सात-आठ अंशांचा फरक पडला तर त्याला धक्काच बसतो. दुसरी गोष्ट म्हणजे प्राणवायू. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. आणि उकाड्यात माशाला लागतो मात्र जास्त! म्हणून तो वर येऊन धापा टाकतो.

माठाची युक्ती

त्या रात्री सासूबाई सहज म्हणाल्या, ‘‘अगं, माठात कधी बर्फ घालतो का आपण? वारा लागला की तो आपोआप गार होतो.’’ मला तेच हवं होतं. माठातून पाझरलेलं पाणी वाऱ्यानं उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं. काचेतून पाणी पाझरत नाही, पण वरचा पृष्ठभाग तर मोकळा आहे! पेटीचं झाकण काढून वर जाळी बसवावी, म्हणजे मासे बाहेर उडी मारणार नाहीत, आणि छोटा टेबलफॅन तिरपा लावून पाण्यावरून वारा जाऊ द्यावा. पाणी दोन ते चार अंशांनी उतरते. विदर्भ-खानदेशच्या कोरड्या हवेत गुण चांगला येतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत थोडा कमी.

पंखा पेटीपासून जरा दूर, घट्ट बसेल असा ठेवा. वायरचा मधला भाग प्लगपेक्षा खाली लोंबता राहू द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत जाणार नाही. पेटीत हात घालण्याआधी सगळी बटणं बंद!

वाऱ्यानं पाणी रोज आटतं. भर घालताना नळाचं पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून घरातच ठेवलेलं वापरा. त्यातला क्लोरीन उडतो आणि पाणीही खोलीइतकंच होतं. गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं पाणी तर हाताला चटका देतं, ते चुकूनही नको. मात्र नुसती भर घालून भागत नाही, कारण क्षार मागेच राहतात. आठवड्याला पाव भाग पाणी सकाळच्या वेळी बदलावं.

बर्फ लागलाच तर

बर्फ सुटा टाकू नये. प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी गोठवून, झाकण घट्ट लावून ती पेटीत तरंगत ठेवावी. ४० लिटरच्या पेटीत अर्ध्या लिटरची बाटली पाणी साधारण एक-दीड अंशानं उतरवते. २० लिटरची पेटी असेल तर पाव लिटरचीच बाटली घ्या. एका वेळी एकच, पुढची काही तासांनी.

आणखी काही गोष्टी

पेटी पश्चिमेच्या भिंतीशी, खिडकीत किंवा फ्रीजशेजारी नसावी. पेटीतला दिवा दुपारी बंद ठेवावा. खाणं कमी द्यावं. उरलेलं कुजतं आणि तेही प्राणवायू खातं. हवेचा पंप रात्रंदिवस चालू असावा. वीज गेली तर मगनं पाणी काढून वीतभर उंचीवरून सावकाश पुन्हा पेटीतच ओतत राहा, हवा मिसळते. खोलीत कूलर दिवसभर लावून रात्री एकदम बंद करत असाल, तर पेटी त्याच्या झोताबाहेर ठेवा. काचेचा गोल बाऊल दिसतो छान, पण थोडं पाणी लवकर तापतं. मोठी पेटी सावकाश तापते आणि सावकाशच निवते.

नव्यानं मासे आणणार असाल तर आपल्या हवेचा विचार करा. गोल्डफिशला १८ ते २४ अंशांचं गार पाणी मानवतं. गप्पी, मोली, एंजल यांना २४ ते २८ अंश चालतात, म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यांना सांभाळणं सोपं. आणि एक थर्मामीटर मात्र नक्की घ्या. हाताचा अंदाज फसवतो, मी त्यानंच फसले.

आमचा उरलेला तिसरा गोल्डफिश आता चांगला बोटभर झालाय. त्याला मोठी पेटी मिळाली आहे आणि शेजारी पंखाही आला आहे. धाकटा रोज दुपारी थर्मामीटर वाचतो आणि दिनदर्शिकेवर माझ्या दुधाच्या हिशेबाशेजारी आकडा लिहितो. परवा २९ लिहून मला हाक मारली, ‘‘आई, बाटली काढ, पण छोटी!’’