पालथे झोपलेले मिस्टर स्मिथ

‘एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकल्याचं आलंय. फिजिओथेरपिस्ट व्यायाम करायला सांगतात, घरचे म्हणतात हलूसुद्धा नका. कुणाचं ऐकू?’ असं एका वाचकानं विचारलं आहे.

फिजिओथेरपिस्टचं. पण आधी त्या रिपोर्टची धास्ती जरा कमी करू. कंबरदुखीची काहीही तक्रार नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढून अमेरिकी संशोधकांनी १९९४ साली निष्कर्ष छापले. निम्म्याहून अधिक लोकांच्या किमान एका गादीला फुगवटा होता! ‘बल्ज’ हा शब्द वाचूनच आपल्याकडे निम्म्यांची कंबर धरते, ते सोडा. अंथरुणाचं म्हणाल, तर १९८६ मधल्या टेक्ससच्या चाचणीत सात दिवस पडून राहायला सांगितलेल्यांपेक्षा दोनच दिवस सांगितलेल्यांच्या कामाचे खाडे ४५ टक्के कमी झाले, आणि बाकी बाबतीत त्यांचं काही बिघडलं नाही.

आता माझी आवडती गोष्ट. साल १९५६, न्यूझीलंडमधलं वेलिंग्टन. रॉबिन मॅकेंझी या तरुण फिजिओथेरपिस्टकडे एक रुग्ण यायचा. मॅकेंझी त्याचा उल्लेख ‘मिस्टर स्मिथ’ असा करत. कळ कमरेतून पायात उतरलेली, तीन आठवडे उपचार करूनही ढिम्म फरक नाही. त्या दिवशी मॅकेंझींनी त्याला आत जाऊन पालथं झोपायला सांगितलं. आधीच्या रुग्णासाठी टेबलाचा डोक्याकडचा भाग उचललेला होता, तो खाली करायचा राहून गेला होता. स्मिथ बिचारा तसाच झोपला, भुजंगासनात कंबर मागे वाकते तसा. त्या काळी कंबरदुखीत मागे वाकणं म्हणजे संकटाला आमंत्रण समजत. काही मिनिटांनी मॅकेंझी आत आले आणि हादरलेच. स्मिथ मात्र खुशीत होता: पायातली कळ गेली होती! दुसऱ्या दिवशी मॅकेंझींनी तोच प्रयोग मुद्दाम केला. राहिलेलं दुखणंही ओसरलं.

यातून त्यांनी एक खूण हेरली. पायातली कळ वर सरकत कमरेत गोळा होऊ लागली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल, दिशा बरोबर आहे. कळ खाली उतरू लागली तर थांबा. कोणत्या हालचालीनं कळ वर येते ते रुग्णालाच शोधायला लावायचं आणि तीच हालचाल त्यानं घरी दिवसातून अनेकदा करायची. मागे वाकण्याचा फायदा का व्हावा? मॅकेंझींच्या मते, पुरणपोळी लाटताना एका कडेला जोर पडला की पुरण दुसऱ्या कडेला धावतं, तसं पुढे वाकल्यावर गादीतला मऊ गर मागे, नसांच्या बाजूला ढकलला जातो. मागे वाकलं की पुढे. चित्र झकास आहे, पण प्रत्येक रुग्णात हेच घडतं असं कुणी सिद्ध केलेलं नाही.

आणि जादू म्हणाल तर तीही नाही. १९९८ साली ३२१ रुग्णांवर झालेल्या अमेरिकी चाचणीत मॅकेंझी पद्धत एका साध्या माहितीपुस्तिकेपेक्षा जेमतेम सरस ठरली. तरीही मला मॅकेंझी मोठे वाटतात. हाड जोडणाऱ्यांच्या आणि कापाकापी करणाऱ्यांच्या इतिहासात त्यांना दोन ओळी मिळतात, पण उपचार रुग्णाच्याच हाती सोपवायचा हट्ट त्यांनी धरला. याउलट आजही अनेक ठिकाणी रुग्ण दहा दिवस येतो, यंत्राचा शेक घेतो, वजन लावून घेतो, पट्टा विकत घेतो आणि जातो. जुनाट कंबरदुखीत हे पट्टे, ट्रॅक्शन आणि अल्ट्रासाऊंडचा शेक नेहमीचा उपचार म्हणून वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्येच सांगितलंय.

मग काय वापरावं? पाय. २०२४ साली ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच सुटलेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टनी हळूहळू चालणं वाढवायला शिकवलं. आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास हे उद्दिष्ट. दुखणं उलटायला त्यांना मध्यकाच्या हिशेबानं २०८ दिवस लागले, बाकीच्यांना ११२. यंत्र नाही, पट्टा नाही, विकायला काहीच नाही. म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात दिसत नाही.

पत्र लिहिणाऱ्यांसाठी एवढंच: लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाय लुळा पडू लागला, तर व्यायामबियाम बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तसं काही नसेल तर उद्या सकाळी सोसायटीला एक फेरी मारा, आणि कळ वर जाते की खाली ते फिजिओथेरपिस्टना सांगा.