उन्हाळी लागली, गोळी कोणती?

सासूबाईंना उन्हाळी लागली तो गुरुवार होता. त्यांचा उपासाचा वार, त्यामुळे लघवीची जळजळ उपासानंच होतेय असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. दोन दिवस धने-जिऱ्याचं पाणी झालं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी डब्यातून अर्धी उरलेली पट्टी काढून दिली. सिप्रोफ्लॉक्सासिन. पट्टीवर उभी लाल रेघ होती. अशी रेघ असलेलं औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असं सरकार २०१६ पासून सांगतंय. काकूंनी ती रेघ नक्षी म्हणून बघितली असावी. "घ्या हो, चांगली स्ट्राँग आहे. आमच्या जावयाला दोन गोळ्यांत उतार पडला."

हा 'स्ट्राँग' शब्द मला हल्ली खटकतो. आपल्या डोक्यात अँटिबायोटिकांची एक उतरंड असते. खाली हलकी, वर भारी, आणि एकानं गुण आला नाही की वरचं मडकं उतरवायचं. ही उतरंड किती खोटी आहे ते मला पॅथॉलॉजी लॅब चालवणाऱ्या एका मैत्रिणीकडे दिसलं. सासूबाईंच्या लघवीचं कल्चर तिच्याकडेच लावलं होतं. (पहिली धार सोडून मधली, निर्जंतुक बाटलीत, आणि दोन तासांच्या आत लॅबमध्ये. बाटली सकाळभर ओट्यावर राहिली तर आत पडलेले चार जंतू वाढत जातात आणि रिपोर्ट भलताच येतो.)

कल्चर लावल्याच्या तिसऱ्या दिवशी तिनं ताटली उजेडात धरली. हाताच्या पंजाएवढी गोल ताटली, तळाला फिकट पिवळट आगर. आगर म्हणजे आपलं चायनाग्रास. ते प्रयोगशाळेत आलं तेच स्वयंपाकघरातून. १८८१ च्या सुमारास रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्टर हेस यांना त्यांच्या पत्नी फॅनी यांनी जेलीसाठी वापरायचा हा पदार्थ सुचवला. त्या आगरावर ई. कोलाय जंतूंची साय धरली होती. सायीत सहा मिलिमीटरच्या कागदी चकत्या, प्रत्येकीवर औषधाची आद्याक्षरं. काही चकत्यांभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ, काहींना साय अगदी चिकटून.

मैत्रिणीनं पट्टी लावली. एका चकतीचं वर्तुळ २० मिलिमीटर, दुसरीचंही २०.

"दोन्ही सारखीच की," मी म्हटलं.

"ही नायट्रोफ्युरँटॉइन, ही चालेल. ही सिप्रो, ही नाही चालणार."

आमच्याकडच्या अनेक लॅब अमेरिकेतल्या सीएलएसआय या संस्थेचा तक्ता वापरतात. त्यात ई. कोलायसाठी नायट्रोफ्युरँटॉइनचं वर्तुळ १७ मिलिमीटर किंवा जास्त असलं की जंतू 'सेन्सिटिव्ह'. सिप्रोला मात्र २६ हवेत, आणि २१ किंवा त्याखाली आलं तर 'रेझिस्टंट'. कारण प्रत्येक औषध आगरात वेगळ्या चालीनं पसरतं, चकतीत ते वेगवेगळं भरलेलं असतं (सिप्रोच्या चकतीत ५ मायक्रोग्रॅम, नायट्रोफ्युरँटॉइनच्या ३००), आणि शरीरात ते कुठे, किती साठतं तेही निराळं. म्हणून मोठं वर्तुळ म्हणजे जोरदार औषध, हे गणित चुकतं. काकूंच्या जावयाचा आजार कोणता होता कोण जाणे, पण आमच्या ताटलीतल्या जंतूंनी सिप्रोला जुमानलं नव्हतं. भारतातल्या मोठ्या रुग्णालयांच्या नमुन्यांत निम्म्याहून अधिक ई. कोलायचं आता हेच झालं आहे.

रिपोर्टमध्ये बारा औषधांची नावं होती आणि सातांपुढे 'एस', म्हणजे सेन्सिटिव्ह. शेवटून दुसरं मेरोपेनेम, शिरेतून द्यायचं, दवाखान्यात अत्यवस्थ रुग्णासाठी राखलेलं. आमच्या घरातल्या एकानं तेवढ्यात विचारलंच, "सगळ्यांत भारी हेच ना? मग हेच देऊन टाका." डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन लिहिलं. पाच दिवस, जेवणानंतर. १९५३ पासून बाजारात असलेली, स्वस्त गोळी.

लिहिण्याआधी त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. "आजी, थंडी वाजून ताप आला का? कुशीत, कमरेच्या वर दुखतं का?" नाही. मग मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा क्रिएटिनिनचा आकडा बघितला. हे दोन प्रश्न आणि हा आकडा म्हणजेच औषधाची निवड. नायट्रोफ्युरँटॉइन रक्तात फारसं राहत नाही. मूत्रपिंड ते झटपट गाळून लघवीत सोडतं, आणि मूत्राशयात ते भरपूर साठतं. जंतू मूत्राशयात असेल तर औषध नेमकं त्याच्या दारात. तोच जंतू वर मूत्रपिंडात चढला, ताप आला, तर हेच औषध निरुपयोगी, रिपोर्टवर 'एस' असलं तरी. आणि मूत्रपिंडच थकलं असेल तर औषध लघवीत पुरेसं उतरतच नाही.

ताटलीत जंतू आणि औषध आमनेसामने असतात. शरीरात मध्ये भिंती असतात. याचं सर्वांत बोलकं उदाहरण डॅप्टोमायसिनचं. काही चिवट जंतूंवर ते उत्तम चालतं, रक्तातल्या संसर्गावर वापरतात. पण न्यूमोनियात ते हरलं. फुफ्फुसाचे फुगे मिटू नयेत म्हणून आत जो स्निग्ध थर असतो, तोच त्याला निकामी करतो. टायफॉइडचंही तसंच. ताटलीत जेंटामायसिन त्या जंतूला मारतं, पण आजारात हा जंतू आपल्याच पेशींच्या आत जाऊन बसतो आणि जेंटामायसिनला तिथे नीट शिरता येत नाही.

जुनं म्हणजे लेचंपेचं, हाही असाच एक समज. पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं उभा राहिला तो पेनिसिलिनसाठी. घसा सुजवणारा 'ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस' जंतू आजही पेनिसिलिनला बळी पडतो. इतक्या वर्षांत त्याला ते पचवता आलेलं नाही. आपण मात्र साध्या सर्दीला, जी विषाणूंची असते आणि कुठल्याच अँटिबायोटिकला ऐकत नाही, अझिथ्रोमायसिनचे तीन दिवस लावतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये अँटिबायोटिकांचे तीन गट केले: सहज वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. अझिथ्रोमायसिन आणि सिप्रो दोन्ही 'जपून'मध्ये आहेत. नायट्रोफ्युरँटॉइन पहिल्या गटात.

काकूंची गोळी सासूबाईंनी घेतली असती तर जंतू मेले नसतेच, वर आणखी त्रास. साठीनंतर सिप्रोनं टाचेमागचा स्नायुबंध दुखावण्याचा, क्वचित तुटण्याचा धोका वाढतो. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर एकदम उतरू शकते. आणि सासूबाई रोज दुधाबरोबर कॅल्शियमची गोळी घेतात. कॅल्शियम सिप्रोला आतड्यातच धरून ठेवतं, औषध पुरेसं अंगी लागत नाही.

दोन दिवसांत जळजळ थांबली. लघवी गडद पिवळी झाली तेव्हा सासूबाई घाबरल्या, पण तो औषधाचाच रंग.

चार महिन्यांनी कुणीतरी सवलतीतलं 'फुल बॉडी चेकअप' भेट दिलं. रिपोर्टमध्ये लघवीत पुन्हा ई. कोलाय. आम्ही धावत डॉक्टरांकडे.

"आजी, जळजळ? ताप?"

"काही नाही बाबा."

त्यांनी कागद घडी घालून परत दिला. उतारवयातल्या बायकांच्या लघवीत त्रास न देता राहणारे जंतू सर्रास सापडतात. गरोदरपण किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया असेल तर गोष्ट वेगळी. एरवी त्यांना हात लावायचा नसतो. औषध दिलं तर ते जातात, काही दिवसांनी परत येतात, आणि येताना अनेकदा औषध पचवूनच येतात.

सासूबाईंना हे पटलेलं नाही. रिपोर्टमध्ये जंतू दिसतात आणि डॉक्टर पैसे घेऊन गोळी देत नाहीत, हे त्यांनी काकूंना फोनवर दोनदा सांगितलं. रिपोर्ट पोथीच्या पिशवीत जपून ठेवला आहे.