उरलेल्याचा हिशेब

माणसावर आघात झाला म्हणजे त्याच्याभोवती उपदेशाची गर्दी होते. कोणी म्हणतो, 'झाले ते बऱ्यासाठीच झाले'. कोणी सांगतो, 'धीर धरा, दिवस पालटतील.' सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु ज्याची नोकरी गेली, धंदा बसला किंवा घरातील जिवाभावाचे माणूस अंतरले, त्याला या वाक्यांनी फारसा दिलासा मिळत नाही. धीर धरावा हे त्यालाही कळत असते. कशाच्या आधाराने धरावा, एवढेच कळत नसते. श्रोतेहो, आज त्या आधाराचाच विचार करावयाचा आहे, आणि त्यासाठी एका उद्योगी पुरुषाचे चरित्र आपण डोळ्यांपुढे ठेवू.

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव भागातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते १८८५ साली मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे असे आढळून आले की, काही रंगांमधील भेद त्यांच्या दृष्टीस उमगत नाही. होतकरू चित्रकाराला याहून मोठा धक्का कोणता असणार? पण रंग पारखे झाले तरी रेषा शाबूत होती. यंत्रांच्या आराखड्याला रंगाची गरज नसते. त्याला लागतो स्थिर हात आणि अचूक नजर. लक्ष्मणरावांनी ती वाट धरली आणि पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक आरेखन शिकवू लागले.

तेथेही दुसरा आघात वाट पाहत होता. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. हा अन्याय होता, आणि अन्यायाला अन्यायच म्हटले पाहिजे. तसे न म्हणता मनुष्य साऱ्या अपयशाचे खापर स्वतःच्या माथी फोडू लागला, तर उभे राहण्यासाठी लागणारे बळही तो गमावून बसतो. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास आले. बढती दुसऱ्याला देता आली, तरी त्यांच्या हातातले कसब कोणालाही काढून घेता आले नाही. वडील बंधू रामूअण्णा यांच्या साथीने तेथे सायकलींचे दुकान चालले होते. त्यातूनच पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार करण्याचा उद्योग निघाला.

नांगराची कथा आणखी निराळी. लोखंडाने जमिनीला विष चढेल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले मोजके नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. अशा वेळी गिऱ्हाइकाला अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे असते. पण ज्याचे पोट जमिनीवर चालते, तो तिच्याविषयी धास्तावणारच. ती धास्ती व्याख्यानाने जात नाही. शेजारच्या शेतात नांगर चालताना पाहूनच ती ओसरते. नकाराच्या पोटी पुष्कळदा एक माहिती दडलेली असते. रागाच्या भरात आपण ती फेकून देतो.

उद्योग जरा मार्गी लागतो तोच १९१० च्या सुमारास बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करावयास सांगितले. यंत्रे, माणसे, हाती घेतलेली कामे घेऊन जावे कोठे? या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. जमीन माळरानाची होती. निवडुंग माजलेला आणि सापांचा सुळसुळाट. तेथे किर्लोस्करवाडी वसली. एकट्याच्या जिद्दीचा हा चमत्कार नव्हे. मुंबईत शिकताना भावाने पाठबळ दिले होते, बेळगावातही तोच सोबतीस राहिला. आणि जागा गेली तेव्हा वर्षानुवर्षांच्या चोख कामाने मिळविलेला विश्वास उपयोगी पडला. जागा सोडता येते, यंत्रे विकता येतात. पण कमावलेला विश्वास संकटात आपल्यापाशीच राहतो.

पुढे १९४८ साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीला आग लावण्यात आली. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ज्या माळावर त्यांनी अडतीस वर्षांपूर्वी निवडुंग उपटला, त्याच ठिकाणी आता राख होती. तरीही कारखाना पुन्हा उभा राहिला. इमारती जळल्या होत्या, पण त्या उभारणारी विद्या आणि ती अंगी मुरलेले कामगार जळाले नव्हते. लक्ष्मणरावांनी पुनरुभारणी पाहिली आणि १९५६ साली त्यांनी देह ठेवला.

या साऱ्या प्रसंगांत एक धागा दिसतो. गेलेल्याचा हिशेब प्रत्येकजण करतो, आणि तो वारंवार करतो. उरलेल्याचा हिशेब मात्र मुद्दाम बसून करावा लागतो. काय गेले आणि काय शाबूत आहे? घडले त्यात आपला दोष किती, दुसऱ्याचा किती? आणि कोणाकडे मदत मागता येईल? हे तीन प्रश्न शक्य तर कागदावर लिहून काढावेत. मनात घोळणारे संकट अमर्याद वाटते. कागदावर त्याला कडा येतात.

मात्र एक मर्यादा सांगितली पाहिजे. कारखाना पुन्हा बांधता येतो, गेलेले माणूस परत येत नाही. तेथे भरपाईची भाषा बोलू नये आणि दुःखाला घाईही करू नये. उरलेल्याचा हिशेब तेथेही असतो, पण तो लहान लहान रकमांचा: वेळेवर घेतलेले जेवण, मुलांचा अभ्यास, अंगणातल्या झाडाला घातलेले पाणी. प्रारंभी ही कामे यंत्रवत होतात. हळूहळू दिवसाला पुन्हा आकार येतो.

आणि आपल्यापैकी ज्यांच्यावर आज असा प्रसंग नाही, त्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अडचणीतल्या माणसाचे उरलेल्याचे खाते तपासले जाईल, तेव्हा त्यात एखादी रक्कम आपल्या नावाची असली पाहिजे. नोकरीनिमित्त जे मराठी कुटुंब आपल्या गावापासून दूर येऊन राहिले आहे, त्याला तर शेजाऱ्याने वेळेवर केलेली चौकशीही मोठी पुंजी वाटते.