धूर त्यांचा, रस्सा आपला

४ जुलैला अमेरिका अडीचशे वर्षांची झाली. तिथल्या भाषणांचं नि आतषबाजीचं कवतिक इतर पानांवर आहेच. आपण बोलू ते त्या दिवशी तिथल्या परसापरसांत पेटणाऱ्या विस्तवाबद्दल. धाराशिवात बसून त्यावर बोलायला निमित्तही आहे. आखाड तोंडावर आलाय आणि ज्यांचे नवस फेडायचे राहिलेत ते बोकड बघत बाजार फिरू लागलेत.

शहरातल्या बुफेत सळईला टोचून येणारा चिकनचा तुकडा म्हणजे बार्बेक्यू, असा आपला समज. टेक्सासचा माणूस त्याला नुसतं भाजणं म्हणेल. त्याचा बार्बेक्यू म्हणजे जनावराच्या छातीचा चिवट तुकडा, ब्रिस्केट. तो ओकच्या लाकडाच्या धुरात, साधारण ११० ते १२० अंशांच्या उष्णतेत दहा-बारा तास ठेवायचा. इतका वेळ का, तर त्या मांसातले चिवट धागे सावकाश वितळून मऊ व्हायला लागतात. मध्येच एक गंमत होते. मांस आतून ६५-७० अंशांवर पोचलं की तासन्‌तास पुढे सरकतच नाही. त्याच्या अंगावरचं पाणी वाफ होऊन उडत असतं, म्हणून माठातल्या पाण्यासारखं ते गार होत राहतं. नवशिके इथे घाबरून जाळ वाढवतात आणि मांस वाया घालवतात.

आपल्या कंदुरीत, म्हणजे नवसाच्या बोकडाच्या जेवणात, ही भानगडच नाही, कारण सगळं पाण्यात शिजतं. शेतात किंवा दर्ग्याच्या आवारात चर खणून वर हंडा चढवतात, खाली बाभळीची लाकडं. आधी हळद, मीठ, आलं-लसूण घालून अळणी शिजवायची. तिची पहिली वाटी लेकरांना आणि म्हाताऱ्यांना. मग भाजलेला कांदा-खोबरं, काळं तिखट आणि रस्सा दाट करायला येसूर. येसूर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाले दळून केलेलं पीठ. ज्याने हे शोधलं त्याचा पुतळा कुठल्याच चौकात नाही, ही माझी जुनी तक्रार. टेक्सासात जनावर मोठं, मांस उदंड, म्हणून धुरात सुकवून आटवलं तरी चालतं. इथे बोकड एक आणि आवतण सगळ्या भावकीला, वर गावालाही. अशा हिशेबात रश्श्याइतकं शहाणं काही नाही. दोन फोडी वाट्याला आल्या तरी ज्वारीच्या भाकरीचा काला करून माणूस पोटभर जेवून उठतो. निखाऱ्यावर थेट भाजायचं ते काळीज-तिल्लीचे तुकडे, आणि तेही हंड्याभोवती घुटमळणाऱ्या पोरांसाठी.

बोकडाचं श्रेय मात्र आपण पुरेसं घेत नाही. उस्मानाबादी शेळी ही देशाच्या नोंदीतली मान्यताप्राप्त जात आहे. बहुतेक काळीभोर, दुष्काळात बाभळीच्या शेंगांवर आणि काटेरी पाल्यावर तगणारी, वरचेवर जुळी देणारी. २०२३ साली जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळी उस्मानाबादीच राहिली. तिला कुणी अधिसूचना काढून बदलायला गेलं नाही, हे बरंच झालं.

टेक्सासातलं लॉकहार्ट हे लहानसं गाव. टेक्सासच्या प्रतिनिधिगृहाने १९९९ साली ठराव करून त्याला राज्याच्या बार्बेक्यूची राजधानी ठरवलं. मांसाच्या तुकड्याचा इतका अभिमान! पण त्या अभिमानात अनेक वर्षं एक खोट होती. श्रेय गोऱ्या मालकांना, फार तर जर्मन-चेक खाटकांना मिळायचं. दक्षिणेतल्या मळ्यांवर रात्र रात्र खड्ड्याशी जागणारे हात गुलाम कृष्णवर्णीयांचे होते. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. एड्रियन मिलर यांनी २०२१ साली ‘ब्लॅक स्मोक’ हे पुस्तक लिहून हा हिशेब पुन्हा मांडला. दक्षिण कॅरोलिनात लहानपणापासून अख्खं डुक्कर भाजत आलेल्या रॉडनी स्कॉट यांना २०१८ साली जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला, तोही उशिराच.

आपल्याकडे या जागी कोण? माझ्या मते मुलाणी. गावगाड्यात कापण्याचं काम त्याचं. मराठ्याच्या घरची कंदुरी असली तरी सुरी फिरवायला त्यालाच बोलवायचे आणि त्याचा वाटा त्याला मिळायचा. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. धाराशिवच्या ख्वाजा शमशुद्दीन गाझींच्या दर्ग्याला नवस बोलणाऱ्यांत हिंदू घरं आहेतच. इकडे तुळजापुरात नवरात्रात अजाबळीचा विधी होतो. एकाच जिल्ह्यात दोन्ही रिवाज पिढ्यान्‌पिढ्या नांदले. २०२५ साली हिंदूंच्या मटणाच्या दुकानांना ‘मल्हार’ प्रमाणपत्र द्यायची टूम निघाली, तेव्हा हे कुणी आठवलं नाही. प्रमाणपत्र वाटणाऱ्यांनी एकदा कंदुरीच्या पंगतीत मांडी घालून बसावं, रस्सा वाढणाऱ्याचा धर्म ओळखून दाखवावा.

पंगत आणि राजकारण यांचं नातं तिकडेही आहे. डिसेंबर १९६३ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी पश्चिम जर्मनीच्या चॅन्सेलरांना टेक्सासातल्या स्टोनवॉलमध्ये शाळेच्या व्यायामशाळेत बार्बेक्यू खिलवला. आपल्या पुढाऱ्यांना हे सांगायला जाऊ नये, त्यांचे हंडे निवडणुकीत आपोआप चढतात.

आता हायवेला ‘कंदुरी मटण’ लिहिलेली हॉटेलं दिसतात. रस्सा चांगला असतो, तर्रीही झणझणीत. पण मुळात कंदुरी विकायची नव्हती. नवस एकाने फेडायचा आणि जेवायचं सगळ्यांनी, ऐपत असो वा नसो. दोनशे-तीनशे रुपयांच्या थाळीत ते कसं येणार? हॉटेलवाल्यांचाही दोष नाही, भाडं त्यांना भरायचंय. मात्र एक करता येईल. तिखट पडायच्या आधीची वाटीभर अळणी मागून पाहा. ज्या हॉटेलात ती मिळेल, तिथल्या आचाऱ्याने खरी कंदुरी पाहिलीय असं समजायला हरकत नाही.