गांवचा खटला आणि इतिहासाचीं साधनें

राज्यकर्त्यांनीं आपल्या दुष्कृत्यांचे कागद नष्ट केले, तर त्या काळाचा इतिहास कशाच्या आधारें लिहावा, हा प्रश्न संशोधकांपुढें वारंवार येतो. दक्षिण अमेरिकेंतील आर्जेंटिना देशांत त्यास जें उत्तर मिळालें, त्याचा आम्ही येथें थोडक्यांत विचार करणार आहों.

ता. २४ मार्च १९७६ रोजीं तेथें सेनाधिकाऱ्यांनीं सत्ता बळकाविली. १९८३ पर्यंत हजारों माणसें पकडून नाहींशीं करण्यांत आलीं. आणि सत्ता सोडण्यापूर्वीं या दडपशाहीचे कागद नष्ट करण्याचा हुकूम सुटला. १९८५ सालीं वरिष्ठ सेनानींवर खटला चालला खरा. परंतु १९८६ व १९८७ च्या कायद्यांनीं पुढील चौकशी खुंटली. २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ते कायदे घटनाबाह्य ठरविले, तेव्हां वाट मोकळी होऊन लहान शहरांतूनही खटले उभे राहिले.

तांदील येथील २०१२ चा खटला या दृष्टीनें बोधप्रद आहे. ओलावारिया गांवचे कार्लोस आल्बेर्तो मोरेनो हे सिमेंटच्या कारखान्यांतील मजुरांचे वकील. ता. २९ एप्रिल १९७७ रोजीं त्यांस पळवून नेऊन तांदील येथील एका मळ्यांतील घरांत कोंडण्यांत आलें. तेथून ते निसटले व शेजाऱ्यांकडे साह्य मागूं लागले. परंतु पुन्हा पकडले जाऊन ता. ३ मे रोजीं मारले गेले. पस्तीस वर्षांनीं तेथील विद्यापीठाच्या सभागृहांत, लोकांच्या देखत, या प्रकरणाच्या साक्षी झाल्या आणि तीन लष्करी आरोपींस जन्मठेप झाली.

राजधानींतील खटल्यावरून दडपशाहीची योजना कळते. ती अमलांत कशी आली, हें गांवच्या खटल्यावरून कळतें. कोणाचें घर वापरलें गेलें, जखमी माणूस कोणत्या दारीं आला, या गोष्टी शेजाऱ्यांसच ठाऊक असतात. आरोपी व पीडितांचे आप्त एकाच गांवीं राहत असतां त्या उघड बोलण्यास न्यायासनाचा आधार लागतो.

तथापि येथें एक सावधगिरी अवश्य आहे. इतक्या वर्षांनंतरच्या स्मृतींत दिवस व वेळ यांची गल्लत होते. म्हणून एक साक्ष दुसरीशीं आणि दोन्ही तत्कालीन वृत्तपत्रें व दफनभूमीच्या नोंदींशीं ताडून पाहिल्या पाहिजेत. शिवाय न्यायालय आरोपीचा दोष तेवढा पाहतें. बाकीचें गांव गप्प कां राहिलें, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा. तो इतिहासकारानेंच हातीं घ्यावयाचा आहे. त्यासाठीं निकालपत्राइतक्याच काळजीनें या साक्षी जतन व्हाव्यात, असें आमचें मत आहे.