हवेची फळी आणि शिकाऊ लाटस्वार

यावलच्या आमच्या एका आप्तांच्या घरीं गेल्या दिवाळींत एक वाद निघाला आणि तो तोडण्याचें काम आम्हांवर येऊन पडलें. घरचा वडील नातू पुण्यास नोकरीला आहे. सुटीस येतांना तो पाठीवर एक भलें मोठें गाठोडें घेऊन आला. ओसरीवर त्यानें तें सोडलें, दहा-पंधरा मिनिटें पंप मारला, आणि गुंडाळलेल्या ताडपत्रीसारख्या दिसणाऱ्या त्या वस्तूची साडेदहा फूट लांब, पावणेतीन फूट रुंद व सहा इंच जाड अशी ताठ फळी झाली. हिला इन्फ्लेटेबल पॅडलबोर्ड म्हणतात. आपण हवेची फळी म्हणूं. हिच्यावर उभें राहून लांब दांड्याच्या वल्ह्यानें संथ पाण्यांतून जावयाचें, हा तिचा मूळ उपयोग. परंतु नातवाचा बेत निराळा होता. मार्गशीर्षांत सर्वांनीं गोव्यास जावें, आणि तेथें या फळीवर आपण व आपली चौदा वर्षांची बहीण अशा दोघांनीं समुद्राच्या लाटेवर स्वार होण्यास शिकावें, असें त्यानें ठरविलें होतें.

आजोबांनीं फळीवर बोट वाजवून पाहिलें आणि म्हटलें, "अरे, जिच्या पोटांत नुसती हवा, तिच्या भरंवशावर पोरीला समुद्रांत नेणार तूं?"

"आबा, तुम्ही नाहीं का पाठीला भोपळा बांधून मळ्यांतल्या विहिरींत पोहायला शिकलांत? त्या भोपळ्यांत तरी दुसरें काय होतें?"

घरांत हंशा पिकला. पण प्रश्न हंशावारी नेण्यासारखा नव्हता. आम्ही चौकशी केली, जाणत्यांस विचारलें, आणि पुढें मंडळींबरोबर गोव्यास जाऊन प्रत्यक्षही पाहिलें. सुटींत समुद्रावर जाणाऱ्या अनेक कुटुंबांपुढें हा प्रश्न आज ना उद्यां येणार आहे, म्हणून त्यांतून जें निष्पन्न झालें तें येथें देत आहों.

हवेच्या आधारानें पाणी तरून जाणें ही कांहीं नवी युक्ति नव्हे. निमरूद येथील राजवाड्यांतल्या, इसवी सनापूर्वीं नवव्या शतकांतील शिल्पांत, फुगविलेलीं कातडीं पोटाशीं धरून नदी पोहून जाणारे लोक कोरलेले आहेत. तीं शिल्पें लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत. आपल्याकडील वाळलेला भोपळा त्याच कुळांतला, आणि आज त्याची जागा ट्रॅक्टरच्या ट्यूबनें घेतली आहे. तेव्हां "नुसती हवा" हा आबांचा आक्षेप एकट्यानें टिकत नाहीं. हवा कशांत व कशी कोंडली आहे, हें पाहिलें पाहिजे.

तें समजून घ्यावयास यावलकरांना लांब जावयास नको. यावल, फैजपूर, रावेर हा सारा टापू केळीच्या बागांचा. केळीच्या खांबाचें एक सोपट काढून आडवें कापून पाहावें. आंत व बाहेर दोन पातळ कातडीं, त्यांना जोडणाऱ्या उभ्या भिंती, आणि मध्यें हवेच्या पोकळ्या, अशी त्याची रचना दिसते. म्हणूनच तो खांब वजनानें हलका असून पाण्यावर तरंगतो. हवेच्या फळीचीही रचना पुष्कळशी अशीच आहे. वरचा व खालचा असे दोन पदर हजारों धाग्यांनीं एकमेकांस जोडलेले असतात. हवा भरली कीं ते धागे ताणले जातात, आणि त्यामुळें फळी ट्यूबसारखी गोल न फुगतां सपाट व ताठ राहते. ही युक्ति जुनी आहे; अमेरिकेंतील गुडइयर कंपनीनें १९५६ सालीं अशाच कापडाचें, हवा भरून उभारतां येणारें एक लहान विमान बनविलें होतें. चांगल्या फळींत दर चौरस इंचास सुमारें १५ पौंड दाबाची हवा भरतात. मोटारीच्या चाकांत ती ३० ते ३५ पौंड असते. अशी फळी माणसाच्या भारानें सहसा लवत नाहीं, व शिंपल्याच्या टोंकानें फुटतही नाहीं. बाजारांत मिळणाऱ्या फुगवायच्या गाद्या व चक्रें यांची आणि हिची गल्लत करूं नये. तीं खेळणीं आहेत, आणि समुद्रांत त्यांचा उपयोग मुळींच करूं नये.

आतां दुसरी बाजू. लाटेवर स्वार होण्याचा खेळ मूळचा हवाई बेटांतला. १९१२ सालच्या स्टॉकहोम येथील ऑलिंपिक सामन्यांत पोहण्याचें सुवर्णपदक मिळविणारा ड्यूक कहानामोकू यानें तो देशोदेशीं नेला, आणि २०२१ मध्यें टोकियो येथें भरलेल्या सामन्यांत त्याला प्रथमच स्थान मिळालें. आपल्या देशांत मंगळुराजवळ मुल्की येथें २००४ च्या सुमारास हा खेळ शिकविण्यास आरंभ झाला. गोव्यांत आश्वे, मोरजी, हरमल या किनाऱ्यांवर शिकविणारे आहेत. शिकविण्याची रीत बहुतेक सर्वत्र एकच. शिकाऊ माणसानें प्रथम कमरेइतक्या पाण्यांत राहावें. लाट बाहेर फुटून तिचा पांढरा फेस किनाऱ्याकडे धांवत येतो, त्यापुढें फळीवर पालथें पडून राहावें. धक्का बसला कीं हातांवर भार देऊन झटकन् उठावें. ज्या लाटा अजून फुटल्या नाहींत त्यांच्याकडे नंतर वळावयाचें. या कामासाठीं शिक्षक आठ-नऊ फूट लांबीची, वरून मऊ फोमची फळी देतात.

पहिल्या पायरीपुरती, म्हणजे फेसावर सरळ किनाऱ्याकडे येण्यापुरती, हवेची फळी वाईट नाहीं. ती रुंद असल्यानें तोल लवकर सांपडतो. अंगावर आदळली तरी लाकडी किंवा कांचतंतूच्या फळीइतकें लागत नाहीं. शिवाय गुंडाळून नेतां येते, हा खानदेशांतील माणसाला मोठाच सोयीचा गुण. आठ-दहा फूट लांबीची कठीण फळी भुसावळ स्टेशनावरून गोवा एक्स्प्रेसच्या डब्यांत चढविण्याची कल्पनाही करवत नाहीं. हें गाठोडें बांकाखालीं सहज गेलें.

परंतु न फुटलेल्या लाटेच्या उतरणीवर जावयाचें म्हटलें कीं हिचे दोष उघडे पडतात. लाटेवरची फळी वळते ती तिच्या पातळ कडेमुळें. तीकडा पाण्यांत रुतते व फळीला धरून ठेवते. हवेच्या फळीची कड सहा इंच जाड व गोल. ती रुतत नाहीं, घसरते. लाटेच्या जोरानें फळी मध्यें किंचित् लवते व वेग मोडतो. समोरून मोठी लाट आली असतां लहान फळी दाबून तिच्या खालून निघून जातां येतें. ही इतकी तरंगती कीं दाबली जात नाहीं, आणि लाट तिला माणसासकट मागें फेंकते. फळी आपल्या व लाटेच्या मध्यें कधींही येऊं देऊं नये, हा नियम म्हणूनच पहिल्या दिवशीं शिकवितात. साडेदहा फुटांची फळी आडवी झाली तर शेजारीं पोहणाऱ्या मुलास ती मऊ असली तरी लोटून पाडते.

या सर्वांहून मोठा दोष वाऱ्याचा आहे, आणि तो आम्हीं डोळ्यांनीं पाहिला. मार्गशीर्षांतील सकाळ. समुद्र संथ, लाटा गुडघ्याएवढ्या, आणि पाठीमागून जमिनीकडचा गार वारा. कोंकणी लोक ज्याला मतलई म्हणतात तोच हा. मतलई वाऱ्यानें लाटा स्वच्छ व नीटस उठतात, म्हणून जाणते लोक सकाळचीच वेळ धरतात. आमचा नातू लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे थोडासा गेला आणि वल्हें घेऊन फळीवर उभा राहिला. उभा माणूस म्हणजे वाऱ्याला शीडच! हलकी फळी वाऱ्याबरोबर समुद्राकडे सरकूं लागली. तो जितकें वल्हवी तितकाच मागें जाई. किनाऱ्यावर त्याची आजी एकसारखी विचारीत होती, "अहो, तो लहान कां दिसतोय?" सुदैवानें गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून पगारी जीवरक्षक आहेत, त्यांतील एकानें जाऊन त्याला आणलें. मुलगा उत्तम पोहणारा होता, आणि फळी सोडून पोहत येण्याची चूक त्यानें केली नाहीं. पण किनाऱ्यावर येऊन बसल्यावर बराच वेळ तो कोणाशीं बोलला नाहीं. त्याची बहीण त्या दिवशीं पाण्यांत नव्हती. तिला पोहणें जेमतेम येत होतें. फळीवर ती असती तर काय झालें असतें, हें कोणी बोललें नाहीं, पण सर्वांच्या मनांत आलें.

जीवरक्षकानें सांगितलेलें येथें मुद्दाम देतों. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर हवेची फळी पाण्यांत घालूं नये. किनाऱ्यावरील झेंडा किंवा झाडांचे शेंडे पाहून दिशा ताडावी. वाहूं लागल्यास उभें न राहतां पालथें पडावें, हातांनीं वल्हवावें, आणि फळी कधींही सोडूं नये, कारण तीच तुमची होडी. पायाची दोरी समुद्रांत बांधलेलीच असावी. तांबडा झेंडा असेल तेथें आणि जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत समुद्रांत उतरूंच नये.

घरीं परतल्यावर यावलच्या मंडळींनीं आणखी दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्यात. पहिली उन्हाची. २५ अंश उष्णतेवर १५ पौंड दाबानें भरलेली फळी उन्हांत ६० अंशांपर्यंत तापली तर आंतील दाब हिशेबानें १८ पौंडांवर जातो, आणि सांधा उसवूं शकतो. वैशाखांत ती अंगणांत फुगवून ठेवूं नये. दुसरी तापीची. तालुक्याच्या दक्षिणेस वाहणारी ही नदी वरच्या अंगास हतनूर धरणानें अडविली आहे. त्याचे ४१ दरवाजे पावसाळ्यांत उघडले कीं खालचें पात्र पाहतां पाहतां भरतें. तेव्हां फळी घेऊन नदींत जाणें म्हणजे संकटास आमंत्रण. इतर ऋतूंतही वाहत्या पाण्यांत पायास दोरी बांधूं नये. ती झुडपांत वा दगडांत अडकली तर प्रवाह माणसाला खालीं दाबतो. तेथें ओढतांच सुटेल असा कमरेचा पट्टा वापरतात.

आतां वादाचा निकाल. संथ पाण्यांत फिरण्यास, तोल शिकण्यास आणि कमरेइतक्या पाण्यांत लहान फेसावर खेळण्यास हवेची फळी योग्य. लाटेवर स्वार होण्याची विद्या शिकावयाची असेल तर ती घेण्यांत पैसे घालूं नयेत. किनाऱ्यावरच्या शिक्षकाकडून फोमची फळी भाड्यानें घ्यावी व त्याच्या देखतच शिकावें. आणि ज्याला पोहतां येत नाहीं त्यानें दोहोंपैकीं कोणतीच घेऊं नये. भोपळ्याचा दाखला नातवानें दिला तो खरा. पण आबांचा भोपळा विहिरींत होता, कांठावर त्यांचे काका दोर धरून उभे होते, आणि एके दिवशीं तो भोपळा सोडून पोहल्यावरच त्यांना पोहणें आलें असें घरानें मानलें.

हा निकाल आम्हीं पत्रानें कळविला. आबांचें उत्तर आलें तें असें, कीं फळी माळ्यावर ठेविली आहे. नात विहिरीच्या दहा फेऱ्या आधारावांचून मारील त्या दिवशीं ती खालीं काढूं, आणि पुढल्या मार्गशीर्षांत शिक्षकाची फी आपण स्वतः देऊं. नातवानें खालीं एक ओळ जोडली आहे : "आबा रोज सकाळीं दोर घेऊन विहिरीवर जातात. काल सहा फेऱ्या झाल्या."